शुक्रवारी माल नक्की

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये फोन लावा आणि विचारा, "आमचा माल कधी?" उत्तर येईल, "शुक्रवारी नक्की." सोमवारी विचारलंत तरी शुक्रवार, शनिवारी विचारलंत तरी शुक्रवार. यामागे शास्त्र आहे. आमच्या भागात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे शुक्रवार म्हटलं की 'तुमच्यासाठी सुट्टी मोडतोय बघा' असा त्यागाचा सूर आपोआप लागतो. शिवाय कुठला शुक्रवार, हे कुणी विचारत नाही.

मी अशाच एका शॉपमध्ये प्लॅनिंगला आहे. आमच्याकडे सहा सीएनसी टर्निंग, पाच व्हीएमसी, दोन ग्राइंडर आणि साहेबांच्या लग्नाच्याही आधीचं एक रेडियल ड्रिल, अशी चौदा मशीन आहेत. त्यांच्यावर कुठलं काम कधी चढवायचं हे ठरवायला माझ्याकडे एक एक्सेल शीट, एक पांढरा बोर्ड आणि लाल टॅगचा गठ्ठा एवढी सामग्री होती. अर्जंट जॉबला लाल टॅग लावायचा, असा नियम. पहिल्या आठवड्यात दोन ट्रॉल्यांना लाल टॅग लागले. महिन्याभरात सगळं शॉप लाल झालं. मग खऱ्या अर्जंटला दोन लाल टॅग लावायचं ठरलं. तेही पुरेनात तेव्हा 'अति अर्जंट' अशी चिठ्ठी आली, तिच्या डोक्यावर 'आजच' आलं, आणि शेवटी ज्या ट्रॉलीशेजारी साहेब स्वतः उभे राहतील ती अर्जंट, ही पद्धत रुळली. ती सगळ्यात बिनचूक होती. अडचण एवढीच की साहेब दिवसातून बऱ्याच ट्रॉल्यांशेजारी उभे राहत.

अशा वेळी सिम्युलेशन सॉफ्टवेअर विकणारा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, कंपनीची लेस गळ्यात आणि बोलण्यात 'डिजिटल ट्विन' दर तिसऱ्या वाक्याला. त्यानं स्क्रीनवर एक शॉप उभं केलं. चालू मशीन हिरवं, सेटिंगमधलं पिवळं, बंद पडलेलं लाल. मधून इवलीइवली माणसं ट्रॉल्या ढकलत होती. साहेब बराच वेळ त्या माणसांकडे बघत राहिले.

"ही चहाला जात नाहीत?"

"तुम्ही सांगितलंत तर जातील सर."

"मोबाइल?"

"तो ऑप्शन नाहीये सर."

"घेऊन टाकू," साहेब म्हणाले. पुढचं सादरीकरण त्या मुलानं सवयीनं केलं.

या विद्येचा इतिहास मी नंतर वाचून काढला. इंग्लंडमध्ये युनायटेड स्टील या पोलाद कंपनीत के. डी. टोचर यांनी १९६० च्या सुमाराला कारखान्याची नक्कल संगणकावर चालवून दाखवली. १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी अशा नकलांसाठी जीपीएसएस ही भाषा आणली. पाठोपाठ नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड या जोडीनं सिम्युला ही भाषा तयार केली. आजचे प्रोग्रॅमर ज्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीवर पोट भरतात तिचं मूळ तिथंच आहे. 'माल कधी?' या प्रश्नानं जगभरची शहाणी माणसं साठ वर्षांपूर्वीच इतकी टेकीला आली होती की तोंडानं 'शुक्रवारी' म्हणण्याऐवजी त्यांनी अख्ख्या भाषा काढल्या. आम्ही तोंडावर भागवलं.

सिम्युलेशनचं काम मोठं गमतीचं चालतं. सॉफ्टवेअर घड्याळ मिनिटामिनिटानं पुढे सरकवत नाही. जॉब आला, सेटिंग संपलं, मशीन बंद पडलं, अशा घटनांची यादी ते करतं आणि एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. ज्या वेळात काहीच घडत नाही तो वेळ ते चक्क गाळतं. आमचा नाइट शिफ्टचा सुपरवायझरही रात्री दोन ते पहाटे पाच असाच गाळतो, पण त्याला लायसन्सची फी मिळत नाही. आणि जिथं खात्री नसेल तिथं सॉफ्टवेअर फासे टाकतं. कधी सेटिंग लवकर होईल, कधी रखडेल. सगळा महिना पुन्हापुन्हा खेळून बघायचा आणि सरासरी काढायची. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला ही युक्ती १९४६ मध्ये आजारपणात पत्ते लावत बसलेला असताना सुचली. डाव जमण्याची शक्यता सूत्रानं काढत बसण्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि मोजावेत, हा त्याचा विचार. पत्ते आमच्या नाइट शिफ्टमध्येही निघतात. त्यातून अजून तरी कुठली पद्धत निघालेली नाही.

फासे टाकायचे तर सॉफ्टवेअरला तीन आकडे लागतात: कमीत कमी वेळ, बहुतेकदा लागणारा वेळ आणि जास्तीत जास्त वेळ. मी वही घेऊन सेटरमामांकडे गेलो. मामा फरशीवर उकिडवे बसून चकमधून काढलेले जॉ पुसत होते.

"मामा, या फ्लॅंजचं सेटिंग किती वेळात होतं?"

"पाऊण तास."

"कमीत कमी?"

"पाऊण तास."

"आणि जास्तीत जास्त?"

"पाऊण तासच. फक्त फिक्श्चर सापडलं पाहिजे."

"फिक्श्चर असतं कुठं?"

"ते ठाऊक असतं तर सापडायची भाषा कशाला केली असती?"

हाच प्रश्न साहेबांना विचारला तर ते म्हणाले, "वीस मिनिटं. मी स्वतः करायचो." साहेबांनी एका लेथवर पत्र्याच्या शेडमध्ये धंदा सुरू केला, त्या काळात सगळीच कामं वीस मिनिटांत होत असत. ऑपरेटरला विचारलं तर त्यानं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "भैया, ये इन्सेंटिव के लिए है, या पगार काटने के लिए?" उत्तर त्यावर अवलंबून होतं. क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, "फर्स्ट पीस अप्रूव्हलला पाच मिनिटं लागतात. पीस माझ्या टेबलावर आल्यापासून." टेबलावर आधीपासून तीन पीस होते. ते पाच मिनिटांच्या बाहेरचे.

प्लग गेजनं तर माझी परीक्षाच पाहिली. एच-७ बोअर तपासायचा गेज आमच्याकडे एकच. एका बाजूला 'गो', दुसऱ्या बाजूला लाल पट्टीची 'नो गो', मधल्या दांड्यावर सुतळीची गाठ. तीन मशीनवर एकाच वेळी तो लागतो. सॉफ्टवेअरमध्ये याला 'शेअर्ड रिसोर्स' म्हणतात आणि तो ठेवायची जागा विचारतात. मी लिहिलं, गेज रॅक. प्रत्यक्षात गेज मामांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असतो आणि मामा कुठं असतात हे कॅन्टीनवाल्याला माहीत असतं.

कॅलेंडरचीही तीच गत. सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी धरूनच जन्माला आलेलं. त्याला गुरुवार समजावला. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीन पुसूनपासून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून बंद ठेवतात. सॉफ्टवेअरनं विचारलं, हा बंद ठरलेला आहे की अचानक? मी 'ठरलेला' निवडलं, कारण तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापून येते. मग टेम्पो. माल पोचायला कमीत कमी चाळीस मिनिटं आणि जास्तीत जास्त? आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी आकुर्डीहून निघाली की ती दापोडी ओलांडेपर्यंत आमचा टेम्पो भक्तिभावानं उभा असतो. त्या रकान्यात फक्त आकडा चालत होता.

एवढं सगळं भरून झाल्यावर मॉडेल चालवलं. साहेब, मामा, मॅडम, सगळे माझ्या खुर्चीमागे. इवल्या माणसांनी धावपळ केली, ट्रॉल्या साचल्या, एक व्हीएमसी तांबडंलाल झालं आणि उत्तर आलं. शुक्रवारचा माल पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी निघत होता.

"दुरुस्त कर," साहेब म्हणाले.

"काय, साहेब?"

"उत्तर."

मी म्हटलं, साहेब, हे प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही. एका मशीनपुढे पाच जॉब असतील तर ते लावायचे १२० क्रम होतात. दहा असतील तर ३६,२८,८००. १९६३ मध्ये छापल्या गेलेल्या एका पुस्तकात दहा जॉब आणि दहा मशीनचं एक साधं दिसणारं कोडं होतं. प्रत्येक मशीनवरचे क्रम धरले तर चारावर ६५ शून्यं इतक्या शक्यता. त्याचं सर्वोत्तम उत्तर ९३०, आणि याहून चांगलं असूच शकत नाही हे सिद्ध व्हायला १९८९ साल उजाडलं. कार्लिए आणि पिन्सन या फ्रेंच गणितज्ञांनी ते केलं. सव्वीस वर्षं लागली.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "त्यांच्या मागं कुणी उभं नसेल. जेवायच्या आधी शुक्रवार आण."

मग दुरुस्तीला सुरुवात झाली. ऑपरेटरची कार्यक्षमता ८५ वरून १०० टक्के केली. रिजेक्शन शून्य. "आपण काय रिजेक्शन करायला बसलोय का?" ब्रेकडाउन शून्य. इन्सर्ट तुटणं बंद. कास्टिंगमधली ब्लो होल बुजली. चहा गेला, मग जेवण गेलं, मग गुरुवार गेला. दर वेळी मंगळवार थोडाथोडा अलीकडे सरकत होता आणि साहेबांचा चेहरा खुलत होता. शेवटी सेटिंगची वेळ वीस मिनिटं केली तेव्हा मामा काही न बोलता निघून गेले आणि स्क्रीनवर शुक्रवार, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं अशी वेळ झळकली. साहेबांनी टाळी वाजवली. "बघा! सॉफ्टवेअरसुद्धा हेच म्हणतंय."

खोटं कुणालाही बोलता येतं. ते इतक्या मन लावून ऐकून घेणारं आणि वर त्याचा रंगीत आलेख काढून देणारं मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो आलेख गिऱ्हाइकाला मेल झाला. उलट मेलनं त्यांच्या प्लॅनरनं त्यांच्या सॉफ्टवेअरचा फोटो पाठवला. प्रचंड कारखाना, शेकडो चौकोन, आणि कोपऱ्यात आमच्या शॉपचा एक चौकोन. त्यावर लिहिलेलं: माल पोचण्याचा वेळ सात दिवस, चढउतार शून्य. मला हसू आलं. मग आठवलं की आमच्या मॉडेलमध्ये कोल्हापूरच्या फाउंड्रीचा चौकोन आहे आणि त्यात मीच लिहिलंय: कास्टिंग सोमवारी सकाळी नऊ वाजता, चढउतार शून्य. फाउंड्रीला फोन केला की तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "आज गाडी भरतोयच की!" आणि मागं गाडी भरण्याचा कसलाही आवाज नसतो. प्रत्येकाच्या मॉडेलमध्ये आपली सोडून बाकी सगळी दुनिया वक्तशीर असते. आपल्याकडे मात्र फिक्श्चर सापडत नाही.

शुक्रवारी माल गेला नाही, हे वेगळं सांगायला नको. पण आता गिऱ्हाईक आलेख हातात घेऊन भांडत होतं. पूर्वी नुसतं "शुक्रवार म्हणाला होतात" एवढंच म्हणायचं. आता म्हणायचं, "चार चाळीस म्हणाला होतात."

मी पुस्तकं धुंडाळायला लागलो. त्यात एक फार गैरसोयीची गोष्ट सापडली. कामं वेळीअवेळी येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ लहरी असेल, तर मशीन ८० टक्के गुंतलेलं असताना रांगेत थांबायला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ जातो. मशीन ९० टक्के गुंतलं की नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. म्हणजे मशीन जरा रिकामं राहिलं तरच माल वेळेवर निघतो. मी हे साहेबांना सांगितलं. मशीन रिकामं दिसलं की साहेबांच्या पोटात बँकेचा हप्ता उठतो.

"आणि शंभर टक्के चालवलं तर?"

"मग रांग कधी संपतच नाही, साहेब."

"संपू नये म्हणूनच तर ऑर्डरी घेतो!"

मग त्यांना लिट्‌लचा नियम सांगितला. जॉन लिट्‌ल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. सोपा आहे. शॉपमध्ये सरासरी १,२०० पीस पडलेले असतील आणि रोज १०० बाहेर पडत असतील, तर आत आलेला पीस सरासरी बारा दिवसांनी बाहेर पडणार. ट्रॉल्या मोजायच्या आणि भागायचं. आम्ही गिऱ्हाइकाला चार दिवस सांगत होतो.

"हे सॉफ्टवेअरशिवाय कळतं?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग सॉफ्टवेअर कशाला घेतलं?"

यावर काय बोलणार? इवली माणसं मोबाइल बघत नाहीत म्हणून, असं तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं.

गुपचूप मी जुने, न सुधारलेले आकडे परत भरले. चहा, जेवण, गुरुवार, मामांचा खिसा, सगळं. तरी मॉडेल आणि शॉप जुळेनात. प्रत्यक्षातला माल मॉडेलपेक्षाही उशिरा निघत होता. कुठंतरी काहीतरी गळत होतं. मग मी शॉपमध्ये मधोमध, रेडियल ड्रिलच्या आडोशाला उभा राहून नुसतं पाहू लागलो.

व्हीएमसीवर शाफ्टच्या हाउसिंगचं सेटिंग अर्धं झालेलं. मामांनी डायल लावून फिक्श्चर वीस मायक्रॉनच्या आत आणलेलं, क्लॅम्पचा शेवटचा बोल्ट आवळायचा बाकी. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन वाजला. "हां साहेब... हो साहेब... आत्ता लगेच साहेब." त्यानं मामांकडे बघून हाताचा पंजा उलटा केला. मामांनी एक शब्द न बोलता पाना उलटा फिरवला. हाउसिंग उतरलं, फ्लॅंज चढलं. फ्लॅंजचे तीन पीस झाले आणि पुन्हा फोन. हाउसिंग कुठंय? हाउसिंग चढलं. दोन सेटिंग फुकट गेली आणि दोन्ही गिऱ्हाइकांना शुक्रवार मिळाला.

हा बिघाड सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हता. टूल तुटणं होतं, वीज जाणं होतं, कूलंट संपणं होतं. म्हणून मी एक नवीन मशीन तयार केलं. नाव दिलं एम-१५. ते काहीच बनवत नाही. अधूनमधून, काही ठरावीक वेळ नसताना, चालू होतं आणि जे मशीन सगळ्यात कामात असेल त्याचं सेटिंग मोडतं. फोनच्या वेळा आठवडाभर टिपून त्यातून फासे बनवले. मॉडेल चालवलं आणि काय सांगू! मॉडेल आणि शॉप तंतोतंत जुळले. तोच उशीर, त्याच साचलेल्या ट्रॉल्या, तेच व्हीएमसी तांबडंलाल. पुस्तकात याला 'व्हॅलिडेशन' म्हणतात. आमच्याकडे याला नोकरी जाणं म्हणतात.

मासिक मीटिंगमध्ये अहवाल मांडावाच लागला. कुठल्या मशीनमुळे किती वेळ वाया जातो, याचा उभ्या पट्ट्यांचा आलेख होता. चौदा पट्ट्या गुडघ्याएवढ्या आणि पंधरावी थेट छताला. साहेब चष्मा कपाळावर सरकवून पुढे झाले.

"हे एम-१५ कुठलं रे?"

खोलीत शांतता. मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. मामा पंख्याकडे बघत होते.

"साहेब, ते... जुनं आहे," मी म्हणालो.

"किती जुनं?"

"कंपनी सुरू झाल्यापासूनचं."

"एवढा वेळ खातं आणि आपण पोसतोय? कुणी दुरुस्त का करत नाही?"

"मेंटेनन्सवाले हात लावायला घाबरतात, साहेब," मामा पंख्यालाच म्हणाले.

"मग भंगारात काढा! भावनेत अडकू नका. धंद्यात असं चालत नाही." साहेबांनी स्वतःच्या हातानं अहवालावर लिहिलं, 'एम-१५ त्वरित बंद करावे', आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. तो कागद मी जपून ठेवलाय. पुढं कधी चौकशी बसली तर उपयोगी पडेल.

योगायोगानं दुसऱ्याच दिवशी साहेब बंगळूरला इमटेक्सच्या प्रदर्शनाला गेले. इमटेक्स म्हणजे मशीन टूलवाल्यांची पंढरी. भल्यामोठ्या हॉलमधून मशीनच्या आवाजात हिंडताना साहेबांना आपला फोन वाजलेला कळत नाही आणि लावलेला ऐकू येत नाही. इकडे मामांनी एकदा चढवलेलं फिक्श्चर लॉट संपेपर्यंत उतरवलं नाही. टॅग लाल होते, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. ट्रॉल्या हलल्या, टेबल मोकळं झालं, क्वालिटीच्या मॅडमची पाच मिनिटं खरोखर पाच मिनिटं झाली आणि शुक्रवारी माल गेला. त्याच शुक्रवारी. गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये जागा नव्हती, कारण आमचा माल वेळेवर येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

साहेब परतले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. "बघितलंत? मी म्हणत नव्हतो, ते एम-१५ बंद केलं की सगळं सुरळीत होईल? याला म्हणतात निर्णय!" सगळ्यांनी पेढे घेतले. मामांनी दोन घेतले.

"आणि आनंदाची बातमी म्हणजे," साहेब पुढे म्हणाले, "प्रदर्शनात एक नवं फाइव्ह-ॲक्सिस बुक करून आलोय. त्याला नंबर द्या एम-१५."

मी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे.

"साहेब, सोळा देऊ या का?" मी म्हटलं. "पंधरा नंबर अजून शॉपमध्येच आहे."

"अजून? भंगारवाला आला नाही?"

"आला होता साहेब," मामा दुसरा पेढा तोंडात टाकत म्हणाले. "पण ते प्रदर्शनाला गेलं होतं."